गाडीचा कणा

मोटारीकडे पाहणारा माणूस तिचा रंग पाहतो, तिचा डौल पाहतो, चाकांची झळाळी पाहतो. ज्याला यंत्रातले थोडेफार कळते तो बॉनेट उघडून इंजिन न्याहाळतो. चासी मात्र सहसा कोणी पाहत नाही. गाडीचे सारे ओझे जिच्यावर असते, चाकांचे धक्के जी प्रथम सोसते आणि जिच्या आधारावर दारे, काचा, आसने आपापल्या जागी राहतात, ती चौकट जन्मभर अंधारात असते. तिची आठवण येते ती गंज चढल्यावर. मग मालकासमोर प्रश्न उभा राहतो : जुनी चौकट दुरुस्त करावी, तशीच नवी आणावी, की मूळ कारखान्याबाहेर कोणीतरी अधिक विचार करून बनवलेली वेगळीच चौकट पत्करावी? वरवर पाहता हा गॅरेजातला प्रश्न आहे. परंतु एका कुटुंबात मी तो जवळून पाहिला आहे, आणि वाचकांनीही त्याचा विचार करावा असे मला वाटते.

२०१९ साली इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात माझा काही काळ मुक्काम होता. तेथे एका निवृत्त गृहस्थांशी माझा स्नेह जडला. आयुष्यभर त्यांनी एका कारखान्यात आराखडे काढण्याचे काम केले होते. त्यांच्या घरामागील शेडमध्ये पिवळ्या रंगाची, दोनच माणसांची एक छोटी गाडी होती. ती म्हणजे लोटस कंपनीची ‘एलान’. १९६७ साली त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने ती सुट्या भागांच्या रूपात विकत घेतली होती. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी कर पडे; सुटे भाग घेऊन स्वतःच्या हाताने गाडी जोडणाऱ्याला तो चुकवता येई. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तोवर असंख्य तरुणांनी आपापल्या अंगणात अशा गाड्या जोडल्या. या दोघा भावांनीही तेच केले. पुढे धाकटा भाऊ अकाली गेला आणि गाडी थोरल्याकडे राहिली.

एलान १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि १९७३ पर्यंत बनत राहिली. कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा एकच ध्यास होता : वजन कमी करणे. एलानचे वजन सातशे किलोच्या आतबाहेर होते. तिचे इंजिन अवघे १५५८ घनसेंटिमीटरचे. पण त्या हलक्या अंगाला ते पुरून उरे. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. १९८९ साली जपानच्या माझदा कंपनीने जी छोटी उघडी गाडी बाजारात आणली, तिच्या निर्मात्यांनीही एलानचा बारकाईने अभ्यास केला होता.

या गाडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या कण्यात आहे. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे. त्याच्या पोटात, दोन आसनांच्या मधून, घडी घातलेल्या पोलादी पत्र्याची एक पोकळ पेटी पुढून मागे जाते. पुढे तिला दोन फाटे फुटतात आणि त्यांच्या बेचक्यात इंजिन बसते. मागेही तसेच दोन फाटे फुटून सस्पेन्शनला आधार देतात. इंग्रजीत तिला ‘बॅकबोन’ म्हणतात, आपण कणाच म्हणू. असे सांगतात की, गाडीचे रचनाकार रॉन हिकमन यांच्या मनात प्रथम निव्वळ फायबरग्लासची बांधणी होती. कारण १९५७ साली लोकांपुढे आलेली लोटसची ‘एलीट’ गाडी तशीच होती. परंतु एलीटला छप्पर होते, एलान उघडी होती, आणि छप्पर काढले की कवचाचा ताठपणा जातो. दरम्यान सस्पेन्शनच्या चाचण्यांसाठी चॅपमन यांनी पत्र्याची एक कामचलाऊ चौकट करून घेतली. ती इतकी ताठ निघाली की कामचलाऊ वस्तूच कायमची झाली.

पातळ पत्र्यात एवढे बळ कोठून येते, याचा प्रत्यय घ्यायचा असेल तर वाचकांनी बुटांचे रिकामे खोके हाती घ्यावे. झाकण काढून दोन टोके विरुद्ध दिशांना पिळली, तर ते सहज पिळवटते. झाकण चिकटवून बंद केले की तोच पुठ्ठा पिळू देत नाही. बळ पुठ्ठ्याच्या जाडीत नसते, चारही बाजू अखंड बंद असण्यात असते. एलानचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा. पण पेटी बंद असल्यामुळे रस्त्याचा पीळ ती पेलते.

आणि जे तिचे बळ तेच तिचे दुखणे. बंद पेटीला बाहेरून रंग देता येतो, आतून देता येत नाही. पुढच्या दोन्ही अंगांना सस्पेन्शनचे जे बुरूज आहेत त्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की आत पाणी साचते आणि पत्रा आतून झिजू लागतो. त्यातच चॅपमन यांनी काटकसरीचा एक नमुना करून ठेवला होता. एलानचे दिवे मिटलेल्या पापण्यांप्रमाणे बॉनेटमध्ये दडलेले असतात आणि इंजिनाच्या शोषणाने वर उचलले जातात. त्यासाठी लागणारी निर्वात टाकी वेगळी न बसवता त्यांनी चासीच्या पुढच्या आडव्या तुळईलाच टाकी केले. एक वस्तू दोन कामे करते, वजन वाचते. पण त्या तुळईला गंजाने सुईएवढे भोक पडले की हवा आत शिरते आणि दिवे वर राहीनासे होतात.

माझ्या स्नेह्यांना आपल्या गाडीचे दुखणे असेच कळले. एका संध्याकाळी घरी परतताना डावा दिवा हळूहळू मिटू लागला. त्यांनी रबरी नळ्या बदलल्या, सांधे तपासले, आणि शेवटी टोच्याने तुळई ठोकून पाहिली तेव्हा टोचा आत गेला. ओळखीच्या वेल्डरने गाडी वर उचलून पाहिली. उजव्या बुरुजाचा तळ उरला नव्हता आणि विशबोन जेथे जोडलेले असते त्याच्या शेजारी पत्र्याला चीर होती. त्याने स्पष्ट सांगितले, “ठिगळ लावून देईन, पण ठिगळाच्या शेजारचा पत्रा किती दिवस टिकेल, याची जबाबदारी मी घेणार नाही.”

येथून त्या घरात तीन महिने जो विचारविनिमय चालला, त्याचा मी साक्षीदार होतो. वडील, त्यांची विवाहित कन्या आणि अधूनमधून चहाला जाणारा मी. कन्येला ती गाडी मिळायची होती. ती शाळेत शिकवीत असे आणि गाडी चालवण्याची तिची इच्छा होती. कापड घालून झाकून ठेवण्याची नव्हे.

तीन वाटा होत्या. पहिली, जुन्याच चासीला नवा पत्रा जोडणे. दुसरी, लोटसच्या मूळ नमुन्याबरहुकूम बनलेली, परंतु जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी आणणे. तिसरी, नळ्यांची चौकट. इंग्लंडातील स्पायडर इंजिनिअरिंग ही संस्था एलानसाठी पत्र्याच्या पेटीऐवजी पोलादी नळ्या त्रिकोणात सांधून चौकट बनवते. त्रिकोणाचा गुण असा की, त्याच्या बाजू वाकत नाहीत तोवर त्याचा आकार बदलत नाही. भार प्रत्येक नळीतून ताण किंवा दाब होऊन सरळ जातो. अशी चौकट उघडी असते. भेग गेली तर दिसते, हात पोहोचतो, वेगळे इंजिन बसवायचे असेल तर जागा करता येते.

वडिलांचे मन पहिल्या वाटेकडे ओढत होते, आणि त्याचे कारण त्यांनी बरेच दिवस सांगितले नाही. एके दिवशी त्यांनी मला शेडमध्ये नेऊन कण्याच्या बाजूला दोन भोके दाखवली. रेडिओची तार नेण्यासाठी भावाने १९६७ साली पाडलेली. पहिले जागा चुकून पडले म्हणून त्याने बोटभर अंतरावर दुसरे पाडले होते. “फादर, कंपनीच्या कोणत्याही नकाशात ही भोके नाहीत,” ते म्हणाले. “गाडीत त्याच्या हातचे एवढेच ओळखू येते. बाकीचे सगळे कोणीही जोडले असते.”

यावर काय बोलावे? मी काही बोललो नाही. परंतु त्या रात्री माझ्या मनात सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा वर्ग जागा झाला. प्लुटार्क सांगतो की, थिसियसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी शतकानुशतके जतन केले; फळी कुजली की नवी बसवली. तेव्हा जहाज तेच राहिले की बदलले, हा तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय झाला. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? विद्यार्थिदशेत हा वाद आम्हाला बुद्धीची कसरत वाटे. येथे एका वृद्ध माणसाची झोप त्याने उडवली होती.

गंमत अशी की, कायद्यालाही हाच प्रश्न पडलेला असतो. ब्रिटनमधील वाहन नोंदणी खात्याचा त्यावेळचा नियम गुणांचा होता. मोठे बदल केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक राखायचा तर आठ गुण हवेत. सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व तदनुषंगिक भाग आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक, आणि एकट्या चासीला पाच. चासी मूळची हवी, अथवा मूळ नमुन्याचीच नवी हवी. थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने इंजिन बदलणे म्हणजे कपडे बदलण्यासारखे. कणा बदलणे म्हणजे जवळजवळ माणूस बदलणे. नळ्यांची चौकट या कोष्टकात कोठे बसते, यावर वाद घालता येत होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये हे नियम सैल करण्यात आले. जसेच्या तसे केलेल्या दुरुस्तीसाठी आता खात्याला कळवण्याची गरज नाही, आणि रचनेत मोठा बदल केला तर कळवावे लागते, पण गाडीची जुनी ओळख राखता येते. तरीही जुन्या गाड्यांच्या शर्यतींचे नियम मूळ रचनेवर अडून असतात, आणि गाडी विकताना गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारते.

मात्र एलानच्या बाबतीत या साऱ्या तर्काला एक मजेशीर छेद जातो. जिला चासी नंबराची पट्टी म्हणतात ती पट्टी या गाडीत इंजिनाच्या खणात, फायबरग्लासच्या अंगावर रिव्हेट केलेली असते. म्हणजे कणा बदलला तरी नाव कवचावर तसेच राहते! हे मी स्नेह्यांना म्हटले तेव्हा ते प्रथमच हसले. ते म्हणाले, “चॅपमन यांना कदाचित ठाऊक असेल की कणा फार दिवस टिकायचा नाही.”

आता कन्येची बाजू. ती भावनाशून्य मुळीच नव्हती. काकांच्या मांडीवर बसून ती त्याच गाडीतून हिंडली होती. तिने वडिलांना एवढेच विचारले, “बाबा, चीर गेलेल्या जागेला चाक जोडलेले आहे. त्या चाकावर मी माझ्या मुलीला शेजारी बसवून जावे असे तुम्ही म्हणता का?” या प्रश्नाने पहिली वाट बंद झाली. मला वाटते, असे निर्णय ज्याच्या जिवावर परिणाम होणार त्याच्या प्रश्नाने व्हावेत हेच योग्य. आठवण जपण्याचा हक्क वडिलांना होता. परंतु त्या आठवणीचा भार दुसऱ्याच्या जिवावर टाकण्याचा हक्क कोणालाच नसतो, आणि हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

उरल्या दोन वाटा. नळ्यांच्या चौकटीविरुद्ध जुन्या गाड्यांचे भक्त म्हणतात की ती लोटसची नव्हे. हे मत मला तितकेसे पटले नाही. नळ्या त्रिकोणात सांधण्याची कला चॅपमन यांचीच आवडती होती; १९५२ ची ‘मार्क सहा’ आणि १९५७ ची ‘सेव्हन’ या त्यांच्या गाड्या तशाच चौकटींवर उभ्या होत्या. तेव्हा नळ्या परक्या म्हणून त्याज्य, असे म्हणता येत नाही. माझ्या स्नेह्यांनीही त्या कारणासाठी ती नाकारली नाही. ते आराखडे काढणारे; त्यांनी गरज काय आहे ते कागदावर लिहिले. शर्यत करायची नाही. इंजिन मूळचेच ठेवायचे. गाडी ओल्या रस्त्यावर, मिठाच्या दिवसांतही कधीमधी चालणार, कारण इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. घरचा माणूस घरच्या हत्यारांनी देखभाल करणार. अशा गाडीला अधिक ताठपणाची निकड नव्हती. निकड होती ती गंजाशी लढणाऱ्या कण्याची.

जस्ताचे काम मला फार विलक्षण वाटते. पेटी प्रथम आम्लात धुऊन मग सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. रंगाचा ब्रश जेथे कधीच पोहोचला नसता तेथे, पेटीच्या आतल्या कानाकोपऱ्यात, जस्त वाहत जाते. त्यासाठी पेटीला हवा जाण्यायेण्याची छिद्रे ठेवावी लागतात. नाहीतर आत कोंडलेली वाफ पेटी फोडते. रंग पोलादाला केवळ झाकतो. रंगाला ओरखडा गेला की गंज त्याखालून पसरत जातो. जस्ताला ओरखडा गेला तर शेजारचे जस्त आधी झिजते आणि उघड्या पडलेल्या पोलादाला वाचवते. रसायनशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत या धातूच्या वागण्याला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ आत्मबलिदान असाच होतो. तो शब्द शास्त्रज्ञांनी निवडला आहे, मी नव्हे.

अर्थात जस्ताचेही उणे आहे. पातळ पत्रा त्या उष्णतेने किंचित मुरडू शकतो. म्हणून नवी चासी घरी आल्यावर बापलेकींनी प्रथम कर्ण मोजले, सस्पेन्शनच्या जागा एकमेकींशी ताडून पाहिल्या, आट्यांमध्ये साचलेले जस्त टॅपने काढले. पुढे कधी वेल्डिंग करावे लागले तर जस्ताचा धूर फुप्फुसांना बाधतो, ताप आणतो. तेथले जस्त आधी घासून काढावे लागते. आणि आपण लोखंडी वस्तू नवी आली की पहिले काय करतो? आपल्या सोयीप्रमाणे भोक पाडतो. जस्ताच्या चासीला हे सोसत नाही. प्रत्येक नवे भोक म्हणजे उघड्या पोलादाची कड.

येथे वडिलांच्या मनातला शेवटचा हट्ट वर आला. भावाची ती दोन भोके नव्या कण्यावर त्याच जागी पाडावीत, असे त्यांना वाटत होते. त्यांनी जुन्या चासीवरून कागदावर मापेही उतरवून घेतली होती. ड्रिल हातात घेऊन ते शेडमध्ये बराच वेळ उभे होते. कन्येने काही म्हटले नाही. शेवटी त्यांनीच ड्रिल खाली ठेवले. ते म्हणाले, “त्याने भोक पाडले ते तार नेण्यासाठी. मी पाडणार ते कशासाठी?” तो कागद त्यांनी घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला.

बॉडी उचलण्याच्या दिवशी आम्ही सहा जण होतो. फायबरग्लासमध्ये ओतून बसवलेल्या धातूच्या बोंडांतून बोल्ट काढले आणि ते पिवळे कवच आम्ही हातोहात उचलले, तेव्हा एवढी देखणी वस्तू किती हलकी आणि आधाराविना किती लवलवती आहे हे हातांना कळले. खाली जुना कणा उघडा पडला : तांबारलेला, तेलकट, एका बुरुजाशी खाऊन गेलेला. बावन्न वर्षे त्याने दोन माणसांना सुखरूप घरी आणले होते. कोणीतरी तो भंगारात देण्याविषयी विचारले. वडिलांनी भोके असलेला वीतभर तुकडा करवतीने कापून घेतला आणि उरलेला स्वतःच्या हाताने गाडीत चढवला. हॉब्जच्या दुसऱ्या जहाजाचा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

मूळ वस्तू राखावी की बदलावी, याला सरसकट उत्तर नाही, असे मला त्या तीन महिन्यांत दिसले. परंतु विचारण्याचे प्रश्न बहुधा तेच असतात. ही वस्तू आता कशासाठी वापरायची आहे? तिच्यावर कोणाचा भार पडणार आहे? आणि नवी वस्तू आल्यावर तिची निगा कोण राखणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिक असेल तर नळ्या की पत्रा, जस्त की रंग, हे पुढचे सारे बरेच सोपे होते. ते टाळले तर मोठ्या किमतीची चासीही चुकीची ठरू शकते. एवढे मात्र खरे की, कोणतीही चौकट १९६० च्या दशकातील गाडीला आजच्या गाडीएवढी सुरक्षित करीत नाही. कन्येने ते जाणूनच ती स्वीकारली आणि वेग बेताचा ठेवण्याचे ठरवले.

आता गाडी तिच्याकडे आहे. नाताळच्या सुमारास तिचे पत्र येते. गेल्या पत्रात तिने लिहिले होते की, दरवर्षी पाने गळू लागली की ती आणि तिची मुलगी गाडीखाली सरपटत जातात आणि पुढच्या बुरुजांच्या तळाची ती छोटी भोके तारेने मोकळी करतात. तार मुलीच्या हाती असते, कारण तिची बोटे बारीक आहेत. वडील शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दोन्ही बाजूंनी पाणी बाहेर आल्याखेरीज कोणाला घरात जाऊ देत नाहीत.